साहेबांची कैद, कुलींचं मरण

थायलंडमध्ये बँकॉकच्या पश्चिमेला कांचनबुरी नावाचं शहर आहे. तिथला जगप्रसिद्ध पूल ज्या नदीवर आहे, ती दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मे क्लाँग म्हणून ओळखली जायची. १९५७ साली डेव्हिड लीनचा ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’ आला. पर्यटक ‘क्वाय नदी कुठे आहे?’ असं विचारत येऊ लागले आणि १९६०च्या सुमारास नदीच्या त्या भागाचं नाव सरकारने बदलून ‘ख्वे याय’ करून टाकलं. सिनेमाचं चित्रीकरण तिथे झालेलंही नव्हतं. ते झालं श्रीलंकेत, कितुलगलाजवळ, केळणी नदीवर. ज्या सिनेमापायी नदीला नवं बारसं करून घ्यावं लागलं, त्याने काय दाखवलं आणि काय गाळलं, याचा हिशेब मागायला हरकत नसावी. ‘सिनेमाच तर आहे’ म्हणून हा विषय झटकून टाकता येणार नाही.

गोष्ट बहुतेकांना माहीत असते. जपानच्या कैदेतली एक ब्रिटिश पलटण सयामच्या, म्हणजे आजच्या थायलंडच्या, जंगलातल्या छावणीत येते. रेल्वेचा पूल बांधायला सगळ्यांनी राबायचं, अधिकाऱ्यांनीसुद्धा, असा छावणीप्रमुख कर्नल सैतोचा हुकूम असतो. कर्नल निकल्सन जिनिव्हा कराराची प्रत पुढे करतो, सैतो तीच प्रत त्याच्या थोबाडावर मारतो. निकल्सनला पत्र्याच्या तापलेल्या कोठडीत डांबतात, तरी तो हटत नाही. शेवटी सैतोच वाकतो, आणि जिंकलेला निकल्सन शत्रूचा पूल इतक्या निष्ठेने बांधायला घेतो की तो उडवायला आलेल्या आपल्याच माणसांना अडवायला धावतो. अॅलेक गिनेसने हा माणूस असा उभा केला आहे की त्याचा राग यावा आणि कीवही यावी. सात ऑस्कर मिळाले, ते उगाच नव्हेत.

या सिनेमावरचे गाजलेले वाद तीन. पहिला वाचलेल्या कैद्यांचा. तामार्कानच्या खऱ्या छावणीतले वरिष्ठ ब्रिटिश अधिकारी फिलिप टूसी यांनी शक्य तिथे काम रेंगाळत ठेवलं, कैद्यांनी लाकडांत वाळवी सोडली, आणि सिनेमाने त्यांच्या जागी शत्रूला मदत करणारा कर्नल बसवला, हा त्यांचा संताप होता आणि तो रास्त होता. दुसरा जपान्यांचा. पूल कसा बांधायचा हे ब्रिटिशांनी शिकवावं लागलं, असं सिनेमा म्हणतो. खरं तर लोहमार्गाची आखणी जपानी अभियंत्यांचीच होती. तिसरा हॉलिवूडच्या घरातला. पटकथा कार्ल फोरमन आणि मायकेल विल्सन यांची, पण दोघेही कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून काळ्या यादीत. म्हणून श्रेय आणि ऑस्कर मूळ कादंबरीकार पिअर बूल या फ्रेंच माणसाला दिलं गेलं, ज्याला इंग्रजीत पटकथा लिहिणं जमण्यासारखंही नव्हतं. अकादमीने ही चूक दुरुस्त केली १९८४ साली, तेव्हा दोघेही हयात नव्हते.

बूलची हकिकत मात्र थोडी थांबून बघण्यासारखी आहे. युद्धाआधी तो मलायातल्या रबराच्या मळ्यांवर तंत्रज्ञ म्हणून नोकरीला होता. युद्धात त्याला इंडोचायनात पकडलं ते जपान्यांनी नव्हे, तर जर्मनीशी हातमिळवणी केलेल्या विशी सरकारशी इमान राखणाऱ्या फ्रेंचांनी. सक्तमजुरी भोगून तो पळाला. आपला कर्नल अशा फ्रेंच अधिकाऱ्यांवरून सुचला, असं त्याने पुढे सांगितलं. म्हणजे ज्याला जग ब्रिटिश स्वभावाचा अर्क समजतं, तो मुळात शत्रूची चाकरी शिस्तीने करणारा फ्रेंच अंमलदार होता. वसाहतीतल्या साहेबाची जात ओळखायला त्याचा देश कुठला हे विचारायची गरज पडत नाही, एवढं तरी यावरून दिसतं.

हे तिन्ही वाद खरे आहेत, आणि तिन्ही ऑफिसर्स मेसच्या आत चाललेले आहेत. ब्रिटिश कर्नलची बदनामी झाली का, जपानी अभियंत्याचा अपमान झाला का, पटकथाकाराला श्रेय मिळालं का. मेसच्या बाहेर मेलेल्यांचा मोजकाच उल्लेख होतो, तोही तळटीपेसारखा.

सयाम-ब्रह्मदेश लोहमार्ग सुमारे ४१५ किलोमीटरचा. १९४२च्या उत्तरार्धात काम सुरू झालं आणि १७ ऑक्टोबर १९४३ रोजी दोन्ही बाजूंचे रूळ कोंकोइताजवळ जोडले गेले. त्यावर साठ हजारांहून जास्त ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, डच आणि थोडे अमेरिकन कैदी राबले. त्यांतले बारा हजारांहून अधिक मेले. हा आकडा सगळीकडे सापडतो. याच मार्गावर राबलेले आशियाई मजूर किमान एक लाख ऐंशी हजार होते, काही अंदाज अडीच लाखांच्या पुढे जातात. मेले किती? नव्वद हजारांच्या आसपास, असं साधारण मानलं जातं. इथे ‘साधारण’ म्हणावं लागतं, कारण त्यांची हजेरी कुणी नीट ठेवलीच नाही. कांचनबुरीच्या युद्ध-दफनभूमीत जवळजवळ सात हजार थडगी आहेत, हिरवळ राखलेली, पाट्यांवर नाव, हुद्दा आणि पलटण. मजुरांना सामुदायिक खड्डे मिळाले.

हे मजूर कोण? ब्रह्मी, जावानीज, मलाय, चिनी आणि तमिळ. तमिळ म्हणजे मलायातल्या रबराच्या मळ्यांवरचे. कंगाणी, म्हणजे आपल्याकडच्या मुकादमासारखा माणूस, गावाकडून माणसं भरून आणायचा. त्या पद्धतीने दोन-तीन पिढ्या तिकडे गेल्या होत्या. जपान आला, रबराची निर्यात थांबली, मळे ओस पडले, शिधा संपला. तीन महिन्यांचं काम, चांगली मजुरी, परत आणून सोडू, असं सांगून पहिल्या तुकड्या नेल्या. कुणी परत येईना तेव्हा सरळ धरपकड सुरू झाली. त्या काळच्या आठवणींत एक किस्सा येतो: फुकट सिनेमा दाखवणार म्हणून दवंडी द्यायची, थिएटर भरलं की दारं लावायची आणि आतल्या बाप्यांना आगगाडीत कोंबायचं.

१९४३च्या पावसाळ्यात पटकीची साथ आली. गोऱ्या कैद्यांजवळ औषधं नव्हती, पण निदान त्यांचे स्वतःचे लष्करी डॉक्टर होते, पाणी उकळून पिण्याचा हुकूम होता, तो पाळून घेणारे सार्जंट होते. मजुरांच्या छावण्यांत यातलं काहीच नव्हतं. वेगवेगळ्या भाषांची, वेगवेगळ्या गावांची, नुसती गोळा केलेली माणसं, त्यांत काही ठिकाणी बायकामुलंही. पुढे जपान्यांनी युद्धकैद्यांतल्याच काही वैद्यकीय पथकांना या छावण्यांत पाठवलं, तेव्हा स्वतः नरकातून आलेले ते लोकही हादरले. लष्करी शिस्तीने माणसं वाचली हे खरं आहे, आणि निकल्सनचा शिस्तीचा हट्ट या बाबतीत अगदीच खुळचट नव्हता. फक्त ती शिस्त गणवेशाबरोबर येत होती, आणि गणवेश मजुरांना नव्हता.

आता सिनेमाकडे परत बघा. ते जंगल केवढं रिकामं आहे! छावणी, नदी, टेकडी, पाचोळा. पूल बांधणारे सगळे गोरे. आशियाई चेहरे आहेत ते जपानी पहारेकऱ्यांचे आणि कमांडोंचं सामान वाहणाऱ्या सयामी बायकांचे. त्या धबधब्यात आंघोळ करतात, जखमी इंग्रज अधिकाऱ्याला डोलीतून नेतात आणि कौतुकाच्या नजरेने गोऱ्या पाहुण्यांकडे पाहतात. म्हणजे स्थानिक माणसं दिग्दर्शकाच्या ध्यानातच आली नाहीत, असं नाही. ती कुठे आणि कशी दिसावीत, हे ठरवलेलं आहे.

यावर ठरलेलं उत्तर असं की, एका सिनेमाने सगळा इतिहास सांगावा ही अपेक्षाच चूक. ही एका माणसाच्या अहंकाराची शोकांतिका आहे, मजुरांवर माहितीपट काढायचा असेल तर वेगळा काढा. हे म्हणणं वरवर बिनतोड वाटतं. पण जरा कल्पना करा. निकल्सन कोठडीत बसला आहे, प्रश्न एवढाच की अधिकाऱ्यांनी फावडं हातात घ्यायचं की नाही, आणि शेजारच्या तळावर रोज पटकीने मेलेल्या माणसांना खड्ड्यात ढकलत आहेत. ती चौकट पडद्यावर एकदा, अगदी अर्धा मिनिट आली, तर निकल्सनच्या हट्टाची उंची किती उरेल? त्याचं धैर्य उदात्त वाटण्यासाठी आजूबाजूला कुणी नसावं लागतं. वगळलेली माणसं या गोष्टीच्या बाहेर नव्हती. त्यांना वगळलं म्हणूनच ही गोष्ट या आकाराची झाली. माझा आक्षेप आहे तो इथे.

आणि तो जिनिव्हा करार. निकल्सन जो दाखवतो तो १९२९चा. जपानने त्यावर सही केली होती, मान्यता दिली नव्हती. त्याच्या २७व्या कलमात अधिकाऱ्यांना मजुरीला जुंपता येणार नाही, असं आहे. निकल्सन हे कलम प्राणपणाने लढवतो. पुढे चार कलमं उलटली की ३१वं कलम येतं: कैद्यांना दिलेल्या कामाचा युद्धातल्या कारवायांशी थेट संबंध असता कामा नये. ब्रह्मदेशच्या आघाडीवर सैन्य आणि दारूगोळा नेणारा लोहमार्ग म्हणजे उघड उघड या कलमाचा भंग. ते कलम त्याच्या शिपायांना वाचवणारं होतं. त्याबद्दल तो अवाक्षर काढत नाही. त्याच कागदातलं साहेबाच्या हाताला माती लागू नये एवढं कलम त्याने वाचलं, आणि शिपायाला शत्रूच्या युद्धकामातून सोडवणारं कलम सोडून दिलं. पटकथाकारांनी ही विसंगती मुद्दाम ठेवली असेल तर त्यांना सलाम. पण बहुतेक प्रेक्षक निकल्सन कोठडीतून बाहेर येतो तेव्हा शिपायांबरोबर टाळ्याच वाजवतात.

आपल्याला हा निकल्सन परका वाटू नये. देखरेख करणं हे काम, आणि कुदळ उचलणं ही मात्र अप्रतिष्ठा, हा नियम आपल्याकडे जातीने कित्येक शतकं शिकवला आहे. त्यातली बारीक मेखही आपल्याला ओळखीची आहे. तोच निकल्सन मुदत जवळ आल्यावर अधिकाऱ्यांना कामाला लावतो, दवाखान्यात जाऊन आजाऱ्यांनाही उठवून आणतो. मग अंगमेहनतीत कमीपणा उरत नाही, कारण आता हुकूम त्याचा असतो. श्रमदानात घमेलं उचलून फोटो काढणारे आपले साहेब आणि रोज घमेलं उचलणारी बाई, यांच्यात फरक असतो तो असाच. सिनेमातला अमेरिकन शीअर्स याच व्यवस्थेचा फायदा घेतो. तो साधा खलाशी आहे, पण कैदेत अधिकाऱ्यांना बरी वागणूक मिळेल म्हणून मेलेल्या कमांडरचा गणवेश चढवतो. सिनेमातलं सर्वांत तिखट राजकीय भाष्य मला या लबाडीत दिसतं. कादंबरीतला शीअर्स ब्रिटिश होता, हॉलिवूडने आपल्या प्रेक्षकांसाठी त्याला अमेरिकन केला, आणि ही उपकथा हाताला लागली.

शेवटाकडे एक प्रसंग आहे. पूल पुरा झालेला, संध्याकाळ, निकल्सन कठड्याला टेकून उभा. उद्या नोकरीला अठ्ठावीस वर्षं होतील, म्हणतो. एवढ्या काळात घरी राहिलो ते जेमतेम दहा महिने. पण आयुष्य चांगलं गेलं, आणि हिंदुस्थान मला फार आवडला. हातातली छडी नदीत पडते. गिनेस हे इतक्या हळुवारपणे करतो की गळा दाटून येतो. मग मनात येतं, कुठला हिंदुस्थान? १९४३ साली बंगालमध्ये लाखो माणसं भुकेने मरत होती आणि काँग्रेसची कार्यकारिणी अहमदनगरच्या किल्ल्यात विनाचौकशी अडकून पडली होती. निकल्सनचा हिंदुस्थान छावणीचा, परेडचा, बेअरर आणि साईस यांचा. त्यावर त्याचं खरंच प्रेम असेल. त्यात हिंदुस्थानी माणूस असायची त्याला गरज वाटत नाही, जशी सयामच्या जंगलात दिग्दर्शकाला तमिळ मजुराची वाटत नाही. पुलावर पाटी ठोकली जाते ती ब्रिटिश सैनिकांनी हा पूल बांधला म्हणून. पाट्यांचा हा रिवाज आपल्याला नवा नाही. बोरघाटाची रेल्वे १८५६ ते १८६३ या काळात झाली, पटकीने आणि अपघातांनी हजारो मजूर मेले. इतिहासात नावं राहिली ती मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांचं, आणि कंत्राटदार नवरा गेल्यावर काम पुढे नेणाऱ्या अॅलिस ट्रेडवेल यांचं.

दुसऱ्या एका युद्धकैद्यांच्या सिनेमाशी तुलना केली की मला काय म्हणायचं आहे ते स्पष्ट होईल. नागिसा ओशिमाचा ‘मेरी ख्रिसमस, मिस्टर लॉरेन्स’ १९८३ सालचा. जपानी दिग्दर्शक, जावामधली जपानी छावणी. सुरुवातीलाच एक पहारेकरी समोर येतो, एका डच कैद्यावर अत्याचार केल्याचा आरोप असलेला. हा पहारेकरी कोरियन आहे. जपानी सार्जंट त्याला हाराकिरी करायला लावू पाहतो, आणि आपल्याला कळतं की हा क्रूर माणूस स्वतःही एका साम्राज्याचा अंकित आहे. खऱ्या छावण्यांत असे कोरियन आणि तैवानी पहारेकरी पुष्कळ होते. युद्धानंतर १४८ कोरियनांना युद्धगुन्हेगार ठरवलं गेलं, २३ जणांना मृत्युदंड झाला. ओशिमाने आपल्या देशाने पायाखाली घातलेल्या माणसापासून गोष्ट सुरू केली. लीनला आपल्या साम्राज्याच्या मळ्यांवरून उचलून नेलेला माणूस दिसलाच नाही. लीन मोठा दिग्दर्शक आहे, पण मला इथे ओशिमा जास्त धीट वाटतो.

कुणाला कैदी म्हणायचं, यावर पैशांचे हिशेबही ठरले. १९५१च्या सॅनफ्रान्सिस्को करारातलं १६वं कलम सैनिक कैद्यांना भरपाई देण्याबद्दल आहे, मजूर त्यात बसत नाहीत. २००० साली ब्रिटिश सरकारने जपानच्या कैदेतून वाचलेल्यांना प्रत्येकी दहा हजार पौंड द्यायचं ठरवलं, त्यातून खुद्द ब्रिटिश सैन्यातले गुरखे कैदी वगळले होते. त्यांना कोर्टात जावं लागलं, २००२ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. मजुरांना कोर्टात जायलासुद्धा हातात कागद नव्हता.

इथवर साहेबाच्या नावाने बोटं मोडणं सोपं आहे. अवघड भाग पुढे आहे. आपण तरी यांची आठवण ठेवली का? मलेशियातले तमिळ या मार्गाला ‘सयाम मरण रेल्वे’ म्हणतात, त्यांच्या कथाकादंबऱ्यांत ती आहे, आणि अलीकडे त्यांच्या पुढाकाराने कांचनबुरीत एक नडुकल, म्हणजे वीरगळासारखा स्मृतिशिळेचा दगड, उभा राहिला आहे. बाकी हिंदुस्थानला या मजुरांची फारशी खबर नाही, आणि त्यामागे निव्वळ विसराळूपणा आहे असं मला वाटत नाही.

रूळ जोडले गेले १७ ऑक्टोबर १९४३ला. बरोबर चार दिवसांनी, २१ ऑक्टोबरला, सिंगापूरच्या कॅथे चित्रपटगृहात नेताजींनी आझाद हिंद सरकारची घोषणा केली. ज्या मळ्यांवरून बाप्ये सयामला नेले जात होते, त्याच मळ्यांवरच्या तमिळ मुली राणी झांशी रेजिमेंटमध्ये दाखल होत होत्या. आझाद हिंद सेनेत नाव घातलं की लोहमार्गावर नेण्यापासून सुटका होते, हेही भरतीमागचं एक कारण होतं, असं इतिहासकारांनी नोंदवलं आहे. आणि सेनेच्या काही तुकड्या ब्रह्मदेशच्या आघाडीकडे गेल्या त्या याच रुळांवरून.

यातून नेताजींना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचं नाही. जपानच्या लष्करावर त्यांचा ताबा किती चालत होता, हे सगळ्यांना माहीत आहे. पण आझाद हिंदवरचे आपले सिनेमे, मालिका, भाषणं बघा. त्यांत जपान दिसतो तो मदत करणारा मित्र म्हणून, आणि शत्रू एकटा इंग्रज. तमिळ मजूर त्या मांडणीत आणला की मित्राच्या हाताला आपल्याच माणसांचं रक्त लागलेलं दिसतं. ब्रिटिशांच्या शौर्यकथेला तो नको होता कारण तो कर्नलला लहान करतो. आपल्या शौर्यकथेला तो अडचणीचा आहे कारण तो दोस्ताचा हिशेब मागतो. दोन्ही बाजूंनी गाळण्यासारखा माणूस तो हा.

कुणी मराठी, तमिळ किंवा हिंदी पटकथाकार यावर लिहायला बसलाच, तर त्याच्यासाठी गोष्ट तयार आहे. मलायातला एक मळा, त्यावरचं एक कुटुंब. बाप तीन महिन्यांच्या बोलीवर सयामला गेलेला. मुलगी खाकी चढवून बंदूक धरायला शिकते आहे, ‘चलो दिल्ली’ म्हणते आहे आणि मनापासून म्हणते आहे. तिची तुकडी आगगाडीने ब्रह्मदेशकडे निघते. गाडी त्या मार्गावरून जाताना तिला आपला बाप इथे कुठेतरी असल्याचं माहीत असावं का नसावं, हा त्या पटकथेतला सगळ्यांत कठीण निर्णय. असा सिनेमा निघाला तर लंडनमध्ये लोक अस्वस्थ होतील, तोक्योमध्ये होतील, आणि कोलकात्यापासून मुंबईपर्यंत तर पहिल्याच आठवड्यात बंदीची मागणी होईल.